फळीतले धनुष्य

बुलढाणा हे नाव 'भिल्लठाणा' या शब्दावरून आले असावे, असे मानतात. भिल्लठाणा म्हणजे भिल्लांचे ठाणे. ज्या गावाच्या नावातच तिरंदाजांची वस्ती आहे, तेथील एखाद्या मुलाला धनुष्याचे वेड लागावे, यात नवल ते काय? परंतु या मुलाला ते वेड गावाच्या नावामुळे लागले नव्हते. ते लागले एका गुणामुळे.

२०२३ सालच्या मे महिन्यात चीनमधील शांघाय येथे तिरंदाजीची विश्वचषक स्पर्धा भरली होती. पुरुषांच्या कंपाउंड धनुष्याच्या अंतिम सामन्यात एका बाजूला नेदरलँड्सचा माइक श्लोसर उभा होता. तो त्या वेळी जगातील पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज होता. दुसऱ्या बाजूला होता बुलढाण्याचा एकोणीस वर्षांचा प्रथमेश जावकर. दोघांनी प्रत्येकी पंधरा बाण सोडले. लक्ष्य पन्नास मीटरवर होते आणि त्याच्या मध्यभागी असलेले दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे आमटीच्या लहान वाटीच्या तोंडाएवढे. पंधराही बाण त्या वाटीत पडले, तर गुण दीडशे. श्लोसरला १४८ गुण मिळाले आणि प्रथमेशला १४९. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्या जोडीला तिसरा तिरंदाज हाच होता.

परंतु ऑक्टोबर उजाडायला अजून अवकाश होता. मे महिन्याच्या त्या दिवसांत सातवीत जाणारा एक मुलगा घरात, अंगणात, रस्त्यात, डावा हात ताठ करून आणि उजवा हात हनुवटीपर्यंत ओढून अदृश्य बाण सोडत होता. धनुष्य मात्र त्याच्यापाशी नव्हते. स्पर्धेत वापरावयाच्या कंपाउंड धनुष्याची किंमत लाखाच्या घरात जाते, हे समजल्यावर त्याने तो विषय वडिलांजवळ काढलाच नाही. मुलांना घरची परिस्थिती कळत नाही, असे मोठ्यांना उगाच वाटते.

"मग मीच करीन," असे त्याने ठरवले. प्रथमेशचे धनुष्य चाकांचे आणि तारांचे. तसल्या धनुष्याचे पेटंट अमेरिकेतील हॉलेस ॲलन या गृहस्थाला १९६९ साली मिळाले. ते पूर्ण ओढले की चाकांच्या युक्तीने हातावरचा भार एकदम हलका होतो. ते काही घरी करता येण्यासारखे नव्हते. पण लाकडाचे धनुष्य? ते तर हजारो वर्षे माणसे घरीच करीत आली होती. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांच्या डोंगरवस्त्यांत भिलाला, कोरकू, निहाल ही मंडळी राहतात. तिकडच्या जुन्या माणसांना तीरकमठा काही नवा नव्हता. भिल्लांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बहुधा बांबूच्याच चिरफळीची असते. दोन टोके, एक दोरी, यात अवघड ते काय असणार?

जवळ साठलेल्या पैशांतून त्याने लाकडाच्या वखारीतून सागाची एक फळी आणली. वखारीत अनेक फळ्या होत्या. त्यांतली सर्वांत सुंदर त्याने निवडली. तिच्या अंगावर एकात एक बसवलेल्या कमानींसारखी नक्षी होती. दोन दुपारी त्याने करवत आणि कानस चालवली, टोकांना खाचा पाडल्या आणि नायलॉनची दोरी बांधली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार सोबत्यांसमोर तो ऐटीत उभा राहिला. दोरी अर्धी ओढली असेल नसेल, तोच काडकन आवाज झाला. एक तुकडा दोरीला लोंबत राहिला, दुसरा कुंपणापाशी जाऊन पडला. सोबती हसले. तो मात्र हसण्याइतका किंवा रडण्याइतकाही सावध राहिला नव्हता.

ते दोन तुकडे घेऊन तो आबांकडे गेला.

आबा म्हणजे गल्लीच्या टोकाशी राहणारे वृद्ध सुतार. एकेकाळी बैलगाड्या, वखरे आणि तिफणी करण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे गाड्या कमी झाल्या, तिफणीचे काम ट्रॅक्टरवरच्या यंत्राने घेतले, आणि आबांकडे दाराच्या चौकटी, खाटेचे पाय आणि फावड्यांचे दांडे एवढेच येऊ लागले. त्यांनी मोडलेला तुकडा उजेडात धरला, आणि मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"पाय," ते म्हणाले, "लाकूड तुले सांगून राह्यलं होतं. तू आयकलं नाही."

त्यांनी दाखवले ते असे. झाडाच्या खोडात धागे उभे असतात, मुळाकडून शेंड्याकडे जाणारे. फळी कापताना करवत त्या धाग्यांच्या बरोबरीने चालली, तर फळीवरील रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात. करवत तिरपी चालली, तर रेषा मध्येच फळीच्या कडेबाहेर निसटतात. ज्या कमानींच्या नक्षीवर मुलगा भाळला होता, ती नक्षी म्हणजे तुटलेल्या धाग्यांचीच खूण होती. खाटेला, कपाटाला अशी फळी चालते, शोभतेही. पण धनुष्य वाकते तेव्हा त्याच्या बाहेरच्या बाजूवर विलक्षण ताण येतो आणि अखंड धागेच तेवढे तो सोसू शकतात.

आबांनी परसातून ज्वारीचा एक ओलसर धांडा आणला आणि मुलाच्या हाती देऊन वाकवायला सांगितला. धांडा वाकला तशी त्याची बाहेरची साल ताणली जाऊन तडकली आणि आतली बाजू दबून तिच्यावर सुरकुत्या पडल्या. धनुष्याचेही तसेच. तिरंदाजापासून दूरची बाजू ही धनुष्याची पाठ. ती ताणली जाते. तिरंदाजाकडची बाजू हे त्याचे पोट. ते दाबले जाते. या दोहोंच्या मध्ये लाकडाचा एक थर असा असतो की, जो ना ताणला जातो, ना दाबला जातो. पाठीवर धागा तुटला की धनुष्य मोडलेच. म्हणून पाठीला हत्यार लावायचे नाही. जे तासायचे ते पोटाच्या बाजूने.

मुलगा ऐकत होता. पण त्याच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा धीर त्याला होत नव्हता. दुसरी फळी घ्यायला पैसे नव्हते.

चार दिवसांनी आबांनी त्याला बोलावून घेतले. माळ्यावरून त्यांनी एक फळी खाली काढली होती. काळपट, धुळीने माखलेली, दिसायला अगदी सामान्य. त्यांनी तिच्यावरून एकदा रंधा फिरवला, तेव्हा आतून फिकट तांबूस लाकूड डोकावले. त्यावरील रेषा सतारीच्या तारांसारख्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या होत्या.

"धामण," आबा म्हणाले. "गाडीच्या कामासाठी ठेवली होती. आता गाडी कोन करून राह्यलं?"

धामण हा सातपुड्याच्या रानात आढळणारा वृक्ष. त्याचे लाकूड चिवट आणि लवचिक असते. गाडीची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा, कावडीचा बांबूऐवजी वापरायचा दांडा, जेथे जेथे लाकडाने वाकावे पण मोडू नये अशी अपेक्षा असते, तेथे धामण हवी. प्राचीन वैद्यांनी वनस्पतींची नावे सांगताना या झाडाला 'धनुर्वृक्ष' असेही नाव दिले आहे. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

"ही एकच आहे," आबा म्हणाले. पुढचे ते काही बोलले नाहीत, आणि बोलण्याची गरजही नव्हती.

काम सुरू झाले. फळी सहा फूट लांबीची होती. आबांनी बारीक दोरी ताणून तिच्यावर मध्यरेषा आखली. मधोमध मुठीसाठी वीतभर जागा ठेवून तेथे वरून लाकडाचा जाड ठोकळा चिकटवला. मुठीपासून दोन्हीकडे रुंदी दीड इंच, आणि प्रत्येक बाहूच्या मध्यापासून टोकाकडे ती निमुळती होत अर्ध्या इंचावर आणलेली. हे करवतीचे काम एका दिवसात झाले. मुलाला वाटले, धनुष्य झालेच. प्रत्यक्षात धनुष्याला अजून सुरुवातही झाली नव्हती.

खरे काम जाडीचे. आबा जाडी सुतात मोजत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फळी सहा सूत जाड होती. रुंदी निम्मी केली तर लाकडाचा जोर निम्मा होतो, हे कुणालाही पटेल. पण जाडी निम्मी केली, तर जोर निम्मा न होता एक अष्टमांश होतो! जाडीचा हिशेब घनाचा आहे. सहा सुतांची जाडी सगळीकडे पाच सूत केली, म्हणजे फक्त एक सूत लाकूड काढले, तर चौदा किलोच्या ओढीचे धनुष्य सुमारे आठ किलोचे होऊन बसते. आबांना घन आणि वर्ग ठाऊक नव्हते; त्यांच्या बोटांना मात्र ते पाठ होते. म्हणून रंधा लवकरच बाजूला ठेवला गेला. पुढे कानस आली, आणि त्याहीपुढे फुटक्या काचेचा तुकडा. त्याच्या धारेने लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा निघतो. काच धरायची ती जाड फडक्यात, असा आबांचा दंडक होता.

भिंतीत एक भक्कम खुंटी होती. तिच्यावर धनुष्याची मूठ टेकवायची, सैल दोरी दोन्ही टोकांना अडकवायची, ती दोरी खाली बसवलेल्या कप्पीतून काढून दूर उभे राहून हळूहळू ओढायची, आणि भिंतीवर कोळशाने काढलेल्या रेघांवरून पाहायचे की दोन्ही बाहू सारखे वाकतात की नाही. जेथे वाकत नाही तेथे पोटाकडून पाचसहा हात काच फिरवायची. जेथे जास्त वाकते तेथे हातही लावायचा नाही. मग वीसपंचवीस वेळा थोडे थोडे ओढून लाकडाला वळण लावायचे, आणि पुन्हा पाहायचे. दोरीला ताणकाटा अडकवला की ओढ किती किलोंची, तेही कळे. आज चार इंच, उद्या पाच इंच. मुलगा पाच फुटांच्या आत-बाहेर उंचीचा. त्याला चोवीस इंचांची ओढ पुरेशी होती. आणि बेत होता चौदा किलोंचा.

आठ दिवस झाले, तरी ओढ बारा इंचांपुढे सरकली नव्हती. आबा दिवसाला तासभरच काम करू देत. सोबती रोज विचारीत, "झालं का रे तुझं धनुष्य?" त्या प्रश्नाला रोज 'नाही' म्हणणे किती कठीण असते, हे ज्याने कधी काही स्वतःच्या हाताने करायला घेतले असेल, त्यालाच कळेल.

नवव्या दिवशी आबा नातेवाइकांच्या लग्नासाठी चिखलीला गेले. जाताना बजावून गेले, "मी येईपर्यंत खुंटीले लावजो नको."

दुपारी गल्ली सामसूम झाली होती. मुलगा केवळ पाहण्यासाठी म्हणून आबांच्या पडवीत गेला. त्याने धनुष्य केवळ पाहण्यासाठी म्हणून खुंटीवर चढवले. दोरी बारा इंच ओढली. काही झाले नाही. मग चौदा. मग एकदम अठरा. डावा बाहू मुठीपासून हातभर अंतरावर कोपरासारखा वाकलेला त्याला दिसला. त्याने दोरी सोडून दिली. त्या ठिकाणी आधीच लाकूड थोडे पातळ झाले होते. आबांनी तेथे काच न लावण्यास सांगितले होते, ते याचसाठी.

येथे थांबला असता तरी चालले असते. पण घाबरलेला माणूस थांबत नाही, तो दुरुस्ती करू लागतो. उजवा बाहूही तसाच वाकला म्हणजे दोन्ही सारखे दिसतील, या विचाराने त्याने कानस उचलली आणि उजव्या बाहूवर तेवढ्याच अंतरावर ती जोराने चालवली. पाच वेळा, दहा वेळा, वीस वेळा. खाली भुशाची लहानशी रास पडली. मग त्याने ती रास पाहिली. लाकूड काढता येते; काढलेले परत लावता येत नाही. हे त्याला त्या क्षणी, त्या भुशाकडे पाहताना समजले.

त्याने भुसा गोळा करून कोपऱ्यातील ढलप्यांत मिसळला. धनुष्य होते तसे फडक्यात गुंडाळून ठेवले, आणि तो घरी गेला. रात्री जेवताना आजीने विचारले, "आज गप्प काऊन रे?" त्याने डोके दुखत असल्याचे सांगितले. एका गोष्टीवर पांघरूण घालायला दुसरी लागते, ती अशी.

आबांना कळणार नाही, असे त्याला वाटत नव्हते. कळेलच, आणि ते काही बोलणार नाहीत, याचेच त्याला भय वाटत होते. ती एकच फळी होती. तिच्याजोगी दुसरी माळ्यावर नव्हती, वखारीत नव्हती. आबांनी ती एवढी वर्षे जपून ठेवली होती, आणि एका शब्दाने न मागता त्याला दिली होती.

दुसऱ्या दिवशी आबा एसटीतून उतरले, तेव्हा तो थांब्यावरच उभा होता. त्यांच्या हातातली पिशवी त्याने घेतली. घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. त्यातली नऊ मिनिटे तो बोलला नाही.

"आबा," शेवटी तो म्हणाला, "माझ्या हातून बिघडलं. तुम्ही नको म्हणाला होता, तरी मी ओढलं. आणि मग घासलं."

आबा चालतच राहिले. पडवीत आल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, पाणी प्याले, मग फडके सोडले. दोन्ही बाहूंवरून त्यांनी डोळे मिटून बोटे फिरवली. डाव्या बाहूवर त्यांचा अंगठा थांबला. उजव्यावर त्याहून अधिक वेळ थांबला.

"किती घासलं?"

"वीस वेळा. कानशीनं."

"बरं झालं सांगितलं," आबा म्हणाले. "नाहीतर मी तेथीच शोधत बसलो असतो." आणि त्यांनी काच त्याच्या हाती दिली.

उपाय एकच होता. जेथे लाकूड दुबळे झाले होते तेथे काहीच करायचे नाही, आणि उरलेले सगळे धनुष्य हळूहळू त्याच्या बरोबरीला आणायचे. म्हणजे बळकट जागांनी आपला जोर सोडायचा. जेव्हा सारे लाकूड सारखा भार वाटून घेते, तेव्हा कोणत्याही एका जागेवर तो पडत नाही, आणि कोपरासारखा वाकणारा भाग पुन्हा सलग कमानीत मिसळून जातो. पण त्याची किंमत मोजावी लागते. ताणकाट्यावर आकडा रोज उतरत गेला. बारा किलो, अकरा, दहा. आणखी चौदा दिवस हे चालले. आता सोबत्यांच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणे मुलाला तितकेसे जड जात नव्हते. बहुधा तो प्रश्न त्याला ऐकूच येत नसावा. त्याचे कान काचेखाली होणाऱ्या खरखरीकडे लागलेले असत. कठीण जागी तो आवाज वेगळा येतो आणि मऊ जागी वेगळा, हे एव्हाना त्याला उमजू लागले होते.

अखेर चोवीस इंचांची ओढ पुरी झाली, तेव्हा काट्याने नऊ किलो दाखवले. चौदाचा बेत होता, झाले नऊ. भिंतीवरच्या रेघांपुढे दोन्ही बाहू मात्र चंद्रकोरीच्या दोन टोकांसारखे सारखे वाकले होते.

दोरी आजीने केली. शेताच्या कडेला लावलेल्या अंबाडीचा वाख घरात होता. तिने तो मांडीवर वळून तिपेडी, बारीक, घट्ट दोरी तयार केली आणि तिला मेण चोळले. बाण बांबूचे. त्यांच्या टोकाला पाते न लावता आबांनी लाकडाची बोथट बोंडे बसवली. "आणि हे ध्यानात ठेव," ते म्हणाले, "बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही." त्याचे कारण सरळ आहे. ओढलेल्या धनुष्यात साठलेली शक्ती बाण घेऊन जातो. बाणच नसला, तर ती शक्ती धनुष्यातच फिरते आणि लाकूड फोडते.

जून महिन्यात, पाऊस अजून आला नव्हता तेव्हा, गावाबाहेरच्या उजाड टेकडीपाशी एक चिंध्या भरलेली गोणी उभी करण्यात आली. मागे टेकडीचा उभा चढ, आजूबाजूला कोणी नाही, याची आबांनी स्वतः फिरून खात्री करून घेतली. मुलगा पंधरा पावलांवर उभा राहिला. हात हनुवटीपर्यंत आला. या वेळी त्या हातात खरी दोरी होती, आणि लाकडी धनुष्यात चाके नसल्यामुळे ती जसजशी मागे येत होती तसतशी जड होत होती.

पहिला बाण गोणीच्या दोन पावले अलीकडे मातीत पडला. दुसरा गोणीवरून टेकडीवर गेला. तिसरा गोणीच्या अगदी कोपऱ्यात लागला, आणि 'धप्' असा आवाज झाला. मुलाने आबांकडे वळून पाहिले. आबा गोणीकडे पाहत नव्हते. ते धनुष्याच्या डाव्या बाहूकडे, त्या हातभर अंतरावरच्या जागेकडे पाहत होते.

बारा बाण झाल्यावर त्यांनी थांबवले. "आता दोरी उतर. थकलं ते."

लाकूड थकते, ही केवळ बोलण्याची रीत नव्हे. ताणलेले ठेवले तर ते वाकलेलेच राहू लागते, आणि त्याचा जोर ओसरतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात १९११ साली ईशी नावाचा याही जमातीचा एक मनुष्य डोंगरातून खाली आला. त्याच्या जमातीतील बाकीचे सारे नाहीसे झाले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला. शेजारच्या रुग्णालयातील सॅक्स्टन पोप हे शस्त्रवैद्य त्याचे मित्र झाले, आणि एवढा मोठा शस्त्रवैद्य ईशीजवळ बसून नवशिक्यासारखा धनुष्य तासायला शिकला. १९१६ साली ईशी क्षयाने वारला. पोप यांनी पुढे १९२३ साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले. त्यात ईशीची एक समजूत नोंदवली आहे : धनुष्य चढवून किंवा उभे करून ठेवले तर ते दमते, त्याला घाम येतो, काम नसेल तेव्हा त्याला आडवे निजवावे. चिखलीपलीकडे क्वचितच गेलेल्या आबांनी ईशीचे नाव कधी ऐकले असणे शक्य नव्हते.

मुलाने एक टोक पावलाशी टेकवून, धनुष्य मांडीवर वाकवून, दोरीचा फासा खाचेतून सोडवला. धनुष्य सरळ झाले, पण अगदी सरळ नव्हे. डाव्या बाहूत बोटभर बाक राहिला होता. तो पुढेही तसाच राहिला. घरी आल्यावर त्याने भिंतीत दोन खुंट्या एका पातळीत ठोकल्या आणि त्यांवर धनुष्य आडवे ठेवले.